काखेतला तुकडा

तरवागाच्या काखेत एक तुकडा असतो,
तो खायचा नाही.
माझा बाप सुरीच्या टोकाने तो अलगद उचलायचा
आणि म्हणायचा, हे माणसाचं मांस.
फार पूर्वी तरवाग तिरंदाज होता,
पैज हरला, लाजेने बिळात शिरला,
तेवढा तुकडा मात्र माणूसच राहिला.

मीही काढला होता तो. शपथ.
कुत्र्यालासुद्धा टाकला नाही.

दुलमसुरेन आली तेव्हा
बुयांतच्या काठावर बर्फाची साय धरू लागली होती.
सुमच्या दवाखान्यापासून साठ किलोमीटर, मोटरसायकलवर.
सारंगुआने खारा चहा पुढे केला,
तिने घेतला नाही. मास्क काढला नाही.
आमच्याकडे आलेली बाई चहा नाकारते
तेव्हा घरातली बाई चूल सोडून उठते.

"तरवाग मारला होता?"
"नाही."
बंदी आहे, दंड आहे,
आणि दंडाची रक्कम मला तोंडपाठ आहे.

बुरणुसाच्या भिंतीशी तेमुलेन पडला होता,
डावा हात अंगापासून लांब धरून,
काखेत तापलेला गोटा असावा तसा.

तिने पेटीतून एक चकती काढली.
काड्यापेटीएवढी, पारदर्शक,
आत केसाहून बारीक वाटा कोरलेल्या.
तारा नाहीत, बॅटरी नाही.
"रक्त आपलं आपण चालतं," ती म्हणाली,
"दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसं."

थेंब निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला.
आतलं औषध रात्रीच गोठलं होतं, खिंडीत कुठेतरी.

मग तिने देलच्या बंदातून हात आत घातला,
थंडीत जन्मलेलं करडू आपण जिथे ठेवतो तिथून,
स्वतःच्या काखेतून,
दुसरी काढली.
शेवटची.

पुन्हा बोट. पुन्हा थेंब.
पंधरा मिनिटं.

मेंढरं मोजताना आम्ही दोन दगडांमध्ये वाट अरुंद करतो.
कळपात काहीही लपतं,
लांडग्याने फाडलेला कान, शेजाऱ्याचा डाग;
एकेक करून सोडलं की लपत नाही.
मी त्या वाटेकडे बघत होतो.
लाल रंग वळणावर जरा रेंगाळला,
माझ्या पोराला शाळेत जाताना रेंगाळायची सवय आहे,
तसाच.

धाकट्या काकाच्या वेळी नमुना राजधानीला गेला होता.
निकाल आला नवव्या दिवशी,
काका गेला होता चौथ्या.
तो कागद अजून पेटीत आहे. शिक्का फार सुबक आहे.

सातव्या मिनिटाला मी म्हणालो,
"मारला होता. सोलताना पोराने पाय धरले होते."
तिने मान वर केली नाही.
"ठाऊक आहे," म्हणाली,
"कातडं मागे वाळतंय."

पहिली रेघ आली.
तिच्याशेजारी दुसरी, फिकट,
आधी वाटलं डोळ्यांचाच खेळ आहे,
मग नाही वाटलं.

सुई तिने आधीच भरून ठेवली होती.
ते मी नंतर ओळखलं.

त्या रात्री रेडिओवर आमच्या खोऱ्याचं नाव आलं,
वाटेवर दोरी बांधली गेली.
शेजारी दोरीपलीकडे पिठाची पोती ठेवून जायचे,
हाक न मारता.
सारंगुआ रोज सकाळी आकाशाकडे दूध शिंपडायची,
आणि मग घड्याळ बघून गोळ्या द्यायची. दोन्ही चुकवलं नाही.
कातडं मी जाळलं.
वास तीन दिवस केसांत राहिला.

दोरी सुटली त्या दिवशी
तेमुलेन दाराशी उन्हात बसला होता,
सदऱ्यात हात घालून काख चाचपत.
गाठ बसली होती.
त्याने विचारलं,
"बाबा, तरवागाच्या काखेत माणसाचं मांस असतं.
मग माझ्या काखेत जे होतं
ते कुणाचं?"

मी मेंढरं मोजत होतो.
आकडा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.